विल्बर राइट आणि विमानाची शेपटी

राइट बंधू म्हटले की आपल्याला १७ डिसेंबर १९०३ आणि ते १२ सेकंदांचं उड्डाण आठवतं. जनरल नॉलेजच्या पुस्तकात तेवढंच असतं. पण इंजिनिअर म्हणून काही घ्यायचं असेल, तर थोरल्या भावाची, म्हणजे विल्बरची, विमानाच्या शेपटीशी झालेली झटापट पाहायला हवी.

विल्बरचा जन्म १६ एप्रिल १८६७ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. वडील बिशप होते. पोरगा हुशार, येल विद्यापीठात जायचं घाटत होतं. पण हॉकी खेळताना तोंडावर काठी बसली, दात गेले, तब्येत ढासळली आणि कॉलेज राहिलं ते राहिलंच. पुढची काही वर्षे क्षयाने आजारी असलेल्या आईची सेवा आणि घरातल्या पुस्तकांचं वाचन यात गेली. १८८९ मध्ये आई वारली. १८९२ मध्ये त्याने धाकट्या ऑरव्हिलबरोबर डेटन येथे सायकलचं दुकान टाकलं. डिग्री दोघांकडेही नव्हती.

विमान वळवायचं तर पंख पिळायचे, ही कल्पना विल्बरला १८९९ मध्ये ट्यूबचं रिकामं खोकं हातात पिळताना सुचली. पण १९०१ च्या ग्लायडरने दगा दिला. मग दुकानातच विंड टनेल बांधून दोघांनी पंखांचे सुमारे २०० आकार तपासले. १९०२ च्या ग्लायडरला मागे दोन उभ्या, पक्क्या बसवलेल्या शेपट्या होत्या. तरीही कधीकधी ग्लायडर एका बाजूला कलून घसरायचा. घसरताना बाजूने येणारा वारा शेपटीला ढकलायचा, ग्लायडर गरकन फिरायचा आणि खालचा पंख वाळूत रुतायचा. याला ते गमतीने विहीर खणणं म्हणत!

एका रात्री कॉफी जास्त झाल्याने ऑरव्हिलला झोप येईना. पडल्या पडल्या त्याला सुचलं, की शेपटी हलती करावी. विल्बरने त्यात भर घातली : शेपटीच्या तारा पंख पिळणाऱ्या तारांनाच जोडून टाकू. चालक पालथा झोपून कंबर हलवायचा. त्या एकाच हालचालीने पंख आणि शेपटी दोन्ही चालू लागले. विहिरी थांबल्या. पुढे १९०६ मध्ये मिळालेल्या पेटंटचा गाभा हाच.

इथे कोणीही समाधान मानलं असतं. पण १९०५ मध्ये पूर्ण गोल वळणं घेताना दिसलं, की शेपटी आणि पंख यांचं प्रमाण दर वेळी सारखं नको असतं. तेव्हा स्वतःच जोडलेली तार त्यांनी सोडवली आणि शेपटीला वेगळा दांडा दिला. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला विल्बर सलग ३९ मिनिटे, सुमारे २४ मैल उडाला.

आजच्या आरसी मॉडेलमध्येही हेच आहे. शेपटीच्या रडरला वेगळा सर्व्हो, त्यातून निघणारा पुशरॉड, टोकाला क्लेव्हिस. सर्व्हो मध्यावर ठेवून क्लेव्हिस फिरवत रडर सरळ करायचा. हॉर्नच्या बाहेरच्या भोकात लावला तर रडर कमी हलतो, आतल्या भोकात जास्त. सांध्यात ढिलेपणा नको. आणि रिमोटवर पंखाच्या एलेरॉनबरोबर रडर जोडणारं मिक्सिंग असतं ना, ती विल्बरची १९०२ ची तारच समजा. फरक इतकाच, की ती बटणाने सोडवता येते.

१९०८ मध्ये फ्रान्समधल्या ल मान्स येथे विल्बरने उड्डाणं करून शंका घेणाऱ्यांची तोंडं बंद केली. मात्र त्याच सप्टेंबरात अमेरिकेत ऑरव्हिलच्या विमानाचा पंखा तडकला, त्याने शेपटीची आधारतार तोडली आणि सोबतचा लेफ्टनंट सेल्फ्रिज मरण पावला. मोटरच्या विमानाचा तो पहिला बळी. एका तारेवर काय अवलंबून असतं, ते जगाला कळलं.

विल्बरची शेवटची वर्षे मात्र पेटंटच्या कोर्टकचेऱ्यांत गेली. ३० मे १९१२ रोजी टायफॉइडने, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी तो गेला.

दोस्तहो, चाललेलं डिझाइन मोडायला धाडस लागतं, आणि ते स्वतःचं असेल तर जास्तच. प्रोजेक्ट एकदाचा चालला की आपण त्याला हात लावत नाही. विल्बरने लावला, म्हणूनच विमान वळायला शिकलं.