हॅरी फर्ग्युसन : ट्रॅक्टर आणि अवजार यांची जोडी जमवणारा माणूस



पावसाळा संपला की आमच्या शाळेच्या पटांगणावर गुडघाभर गवत माजतं. मुलं त्यातच खेळतात आणि आमचा जीव सापाच्या भीतीने टांगणीला लागतो. एका पालकांचा छोटा ट्रॅक्टर आहे. त्याला मागे जोडायचं गवत कापायचं यंत्र, म्हणजे फिनिश मोवर, घ्यावं असं शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठरलं. चर्चा रंगली ती किंमत किती आणि पत्रा किती जाड यावर. ते यंत्र ट्रॅक्टरला कसं जोडलं जातं आणि त्याचा भार कुठे जातो, हे मात्र कोणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

घरी येऊन वाचायला बसलो, तेव्हा पुन्हा पुन्हा एकच नाव समोर आलं, हॅरी फर्ग्युसन. मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, पण त्या नावामागचा माणूस फारसा कोणाला माहीत नाही. आज त्यांचीच ओळख करून घेऊया.

जन्म आणि बालपण

हॅरी फर्ग्युसन यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ रोजी आयर्लंडमधील डाउन परगण्यात, ड्रोमोरजवळच्या ग्रोवेल या खेड्यात झाला. वडील जेम्स हे शेतकरी, कडक शिस्तीचे आणि अतिशय धार्मिक. अकरा भावंडांत हॅरींचा नंबर चौथा. घरची शेती होती, पण ढोरमेहनतीत त्यांचं मन रमेना. शेवटी मोठा भाऊ ज्यो याच्या बेलफास्टमधील सायकल आणि मोटार दुरुस्तीच्या दुकानात ते कामाला लागले. तिथे यंत्रांशी त्यांची गट्टी जमली.

त्या काळी विमान म्हणजे नवलाई होती. हॅरींनी स्वतःच विमान बांधायला घेतलं. ३१ डिसेंबर १९०९ रोजी हिल्सबरो येथे ते सुमारे १३० यार्ड उडाले. हे अंतर आपल्या शंभर मीटरच्या शर्यतीपेक्षा थोडंसंच जास्त. पण आयर्लंडच्या भूमीवर स्वतः बांधलेलं विमान उडवणारा तो पहिला माणूस ठरला. पुढे १९११ मध्ये त्यांनी बेलफास्टला स्वतःचं मोटारीचं दुकान काढलं.

प्रश्न कुठे होता?

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि अन्नधान्याची टंचाई जाणवू लागली. १९१७ मध्ये सरकारने आयर्लंडमधील ट्रॅक्टरांचं काम सुधारण्याची जबाबदारी फर्ग्युसन यांच्यावर सोपवली. विल्यम सँड्स या कुशल सहकाऱ्याला घेऊन ते गावोगाव फिरले. शेतात त्यांनी जे पाहिलं, त्यातून त्यांच्या पुढच्या आयुष्याचं काम ठरलं.

त्या वेळी ट्रॅक्टरला नांगर घोड्यासारखाच जोडत. म्हणजे मागे साखळी किंवा दांडा, आणि त्याला ओढला जाणारा जड नांगर. घोड्याच्या जागी इंजिन आलं होतं, जोडण्याची पद्धत मात्र जुनीच राहिली होती. चाकांची पकड राहावी म्हणून ट्रॅक्टर अवजड करावा लागे आणि त्या वजनाने जमीन दबून जाई.

त्याहून वाईट म्हणजे अपघात. नांगर जमिनीतल्या दगडात अडकला की तो जागीच थांबे, पण इंजिन चाकं फिरवतच राही. मग ट्रॅक्टरचं पुढचं तोंड वर उचललं जाई आणि सगळा ट्रॅक्टर मागे उलटून चालकाच्या अंगावर पडे. यात शेतकऱ्यांचे जीव जात होते. लोक ट्रॅक्टरला दोष देत होते. फर्ग्युसन यांना दोष जोडणीत दिसला.

तीन बिंदूंची जोडणी

ट्रॅक्टर आणि अवजार ही दोन वेगळी यंत्रं नाहीत, मिळून एकच यंत्र आहे, असा विचार करून त्यांनी कामाला सुरुवात केली. बरीच वर्षं प्रयोग चालले. अनेक नमुने फसले. १९२६ मध्ये त्यांना हायड्रॉलिक नियंत्रणाचं महत्त्वाचं पेटंट मिळालं आणि पुढे आजची थ्री पॉइंट लिंकेज आकाराला आली.

वर्गात ती अशी समजावता येईल. ट्रॅक्टरच्या मागे खाली दोन दांडे असतात आणि वर मध्यभागी एक. तिन्ही मिळून त्रिकोण होतो. खालचे दोन दांडे अवजार ओढतात आणि उचलतात. नांगर मातीत शिरला की तो पुढे कलंडू पाहतो, त्यामुळे वरच्या दांड्यावर ट्रॅक्टरच्या दिशेने रेटा येतो. हा रेटा ट्रॅक्टरचं पुढचं तोंड वर उठू देत नाही. शिवाय माती कठीण लागली की रेटा वाढतो, त्याने तेलाचा व्हॉल्व्ह हलतो आणि नांगर आपोआप थोडा उचलला जातो. नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो आणि पकड वाढते. अशा रीतीने हलक्या ट्रॅक्टरने जड काम होऊ लागलं.

फर्ग्युसन स्वभावाने भयंकर टापटिपीचे होते. आपल्या ट्रॅक्टरसाठी त्यांनी एक खास पाना दिला होता. नेहमीच्या कामाचे नट त्या एका पान्याने फिरवता येत आणि त्यावर इंचाच्या खुणा असल्यामुळे नांगराची मापंही घेता येत. शेतकऱ्याला दुरुस्ती स्वतः करता आली पाहिजे, हा त्यामागचा विचार.

हस्तांदोलनाचा करार

१९३६ मध्ये इंग्लंडच्या डेव्हिड ब्राऊन यांच्या कारखान्यात फर्ग्युसन यांचा ट्रॅक्टर तयार होऊ लागला. साधारण साडेतेराशे ट्रॅक्टर झाले, पण पुढे दोघांचं पटेना. ऑक्टोबर १९३८ मध्ये फर्ग्युसन अमेरिकेला गेले आणि हेन्री फोर्ड यांना त्यांच्याच घराजवळच्या शेतात प्रात्यक्षिक दाखवलं. फोर्ड खूश झाले. ट्रॅक्टर फोर्डने बनवायचे, रचना फर्ग्युसन यांची, विक्रीही त्यांनीच करायची, असं ठरलं. वकील नाही, कागद नाही. दोघांनी फक्त हात मिळवले.

१९३९ पासून हे ट्रॅक्टर बाजारात आले आणि तीन लाखांहून अधिक तयार झाले. पण फोर्ड थकले, कारभार नातवाच्या हाती गेला आणि हिशेबात कंपनीला तोटा दिसू लागला. नातवाने करार मोडला, आणि त्याच जोडणीचा नवा ट्रॅक्टर फर्ग्युसन यांना वगळून काढला. १९४८ मध्ये फर्ग्युसन कोर्टात गेले. चार वर्षं खटला चालला. १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. मागणीच्या मानाने ही रक्कम फारच थोडी होती.

मला इथे राहून राहून वाटतं, लोखंडाची जोडणी करताना या माणसाने एक एक पिन तपासली, पण माणसांची जोडणी नुसत्या विश्वासावर सोडली. विश्वास हवाच, पण तो लिहूनही ठेवायला हवा.

करडा ट्रॅक्टर आणि अखेर

फर्ग्युसन खचले नाहीत. १९४६ पासूनच इंग्लंडच्या कॉव्हेंट्री येथे त्यांचा टीई-२० हा करड्या रंगाचा छोटा ट्रॅक्टर बनू लागला होता. १९५६ पर्यंत असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर झाले. त्याच्यासोबत नांगर, पेरणी यंत्र, गवत कापणी यंत्र अशी अवजारांची मोठी मालिकाच मिळे. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी यांची तुकडी जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचली, ती फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊनच!

१९५३ मध्ये त्यांची कंपनी मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन झाली. २५ ऑक्टोबर १९६० रोजी इंग्लंडमध्ये राहत्या घरी त्यांचं निधन झालं. त्याच दशकात चेन्नईची टॅफे कंपनी मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर आपल्या देशात बनवू लागली. आज ट्रॅक्टर कोणत्याही कंपनीचा असो, मागे बहुधा तेच तीन बिंदू दिसतात.

आपण यातून काय घ्यायचं?

फर्ग्युसन यांच्या गोष्टीनंतर मी समितीसाठी एक छोटी यादी केली. तुमच्याही शाळेत किंवा शेतावर उपयोगी पडेल.

१. आधी जोडणी पाहा. मोवरच्या पिना आपल्या ट्रॅक्टरच्या दांड्यांना नीट बसतात का? ढिली पिन हादरे खाते आणि चौकट लवकर मोडते.

२. फिनिश मोवर स्वतःच्या छोट्या चाकांवर चालतो. जमिनीच्या चढउताराप्रमाणे त्याला वरखाली होता आलं पाहिजे, म्हणून वरच्या जोडणीत थोडी मोकळीक हवी. ती नसेल तर सगळा पीळ चौकटीवर येतो.

३. मोवरला लागणारी ताकद आणि पीटीओचा वेग आपल्या ट्रॅक्टरशी जुळतो का, ते पाहा. रुंदी निदान चाकांच्या खुणा झाकेल इतकी असावी.

४. पत्र्याइतकंच गिअरबॉक्स, पात्यांच्या दांड्यांचे बेअरिंग आणि ग्रीसच्या जागा तपासा. पाती आणि बेल्ट जवळच्या गावात मिळतात का?

५. फिनिश मोवर हा नियमित कापल्या जाणाऱ्या गवतासाठी आहे. गुडघाभर गवत आधी स्लॅशरने उतरवा आणि दगड वेचून घ्या. चुकीच्या कामाला लावलेलं चांगलं यंत्रही टिकत नाही.

६. फिरणाऱ्या पीटीओ शाफ्टवर संरक्षक आवरण हवंच. गवत कापताना मुलं पटांगणावर नकोत, कारण पात्याखालून दगड उडतात.

७. हमी, सुटे भाग आणि दुरुस्ती यांबद्दल दुकानदार जे बोलेल, ते बिलावर लिहून घ्या.

मुलांसाठी एक कृती : तीन काड्यांचा त्रिकोण आणि चार काड्यांचा चौकोन टोकांना दोऱ्याने बांधून करायला सांगा. मग दोन्ही हलक्या हाताने दाबून पाहू द्या. चौकोन वाकडा होईल, त्रिकोण आकार सोडणार नाही. त्यानंतर फर्ग्युसन यांची गोष्ट सांगा. मुलं विसरणार नाहीत.

आमची समिती पुढच्या आठवड्यात पुन्हा बसणार आहे. या वेळी ट्रॅक्टर पटांगणावर आणायचा, मोवर प्रत्यक्ष जोडून पाहायचा आणि मगच पैसे द्यायचे, असं आम्ही ठरवलं आहे.