एला शेपर्ड

अमेरिकेत नॅशव्हिल येथे १८५१ साली एलाचा जन्म गुलामीत झाला. बापाने ३५० डॉलर मोजून पोटची मुलगी सोडवली. आईला मात्र मालकाने मिसिसिपीला नेले. पुढे सिनसिनाटीत एका गोऱ्या बाईंनी एलाला गाणे शिकवले, तेही रात्री, मागल्या दाराने, कोणाला न सांगण्याच्या अटीवर.

१८६८ साली सहा डॉलर गाठीला बांधून ती मिशनच्या फिस्क विद्यापीठात आली. ते तीन आठवडेच पुरणार, म्हणून संगीताच्या शिकवण्या करून ती शिकली.

विद्यापीठ कर्जात बुडाले, तेव्हा ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ विद्यार्थी गाऊन पैसा मिळवायला निघाले. पियानोवर एला. आईबापांची गुलामीतली भजने चारचौघांत म्हणायचा मुलांना संकोच वाटे. पण तीच लोकांच्या काळजाला भिडली. १८७३ साली व्हिक्टोरिया राणीनेही ती ऐकली. त्या पैशातून १८७६ साली ज्युबिली हॉल उभा राहिला.

एलाने आईला शोधून नॅशव्हिलला आपल्याजवळ आणले.

मुलीच्या जातीला गाणे कशाला, असे विचारणाऱ्यांना हे जरूर सांगावे.