डॉ. पर्सी ज्यूलियन

आमच्या मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू असता इ. स. १३३८ च्या सुमारास भिंत कोसळली आणि तिच्याखाली श्रीसंत चोखामेळा यांचा देहान्त झाला. एवढ्या थोर भक्तास जन्मामुळे देवळाच्या दाराबाहेर राहावे लागले, ही हकीकत आम्ही मंगळवेढेकर लहानपणापासून ऐकत आलो आहो. अमेरिकेतही कातडीच्या रंगावरून अशीच दारे बंद होत. त्या बंद दारांपुढे न खचता ज्यांनी आपली विद्या रोग्यांच्या कामी लावली, त्या डॉ. पर्सी ज्यूलियन यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

ज्यूलियन यांचा जन्म ११ एप्रिल १८९९ रोजी अलाबामा संस्थानातील माँटगोमरी येथे झाला. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. वडील रेल्वेच्या टपालखात्यात कारकून व आई शिक्षिका. १९१६ साली ते मेथॉडिस्ट पंथीयांनी स्थापिलेल्या डीपॉ विद्यापीठात गेले. पूर्वतयारी अपुरी म्हणून हायस्कुलाचे व कॉलेजचे विषय त्यांस एकदमच शिकावे लागले. वसतिगृहात जागा नव्हती. तेव्हा विद्यार्थ्यांच्या एका घरी वाढप्याचे काम करावे, भट्टी पेटवावी व माळ्यावर निजावे, असा क्रम त्यांनी पत्करला. १९२० साली ते आपल्या वर्गात पहिले आले. पुढे १९२३ साली हार्वर्डची एम. ए. व १९३१ साली व्हिएन्नाची डॉक्टरेट त्यांनी मिळविली. १९३५ साली काचबिंदूवरील फायसोस्टिग्मिन हे औषध त्यांनी योसेफ पिक्ल यांच्यासह प्रयोगशाळेत सिद्ध केले.

त्यांची खरी कीर्ती स्टेरॉइडांमुळे झाली. स्टेरॉइड म्हणजे काय, हे प्रथम पाहू. कार्बनच्या सतरा अणूंची, एकमेकांस जोडलेली चार वलये हा या द्रव्यांचा सांगाडा होय. तीन वलये सहा अणूंची व एक पाच अणूंचे. या सांगाड्यास कोठे काय जोडले आहे, यावर प्रत्येकाचा गुण अवलंबून असतो. शरीर ही संप्रेरके कोलेस्टेरॉलपासून घडविते. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून येणारे कॉर्टिसॉल संकटकाळी बळ देते, रक्तातील साखर राखते व दाह आवरते; अल्डोस्टेरॉन मीठ व पाणी यांचा तोल सांभाळते. पुरुषत्वाची व स्त्रीत्वाची लक्षणे घडविणारी संप्रेरके याच कुळातील. प्रोजेस्टेरॉनवाचून गर्भ टिकत नाही.

१९३६ साली ज्यूलियन शिकागोच्या ग्लिडन कंपनीत गेले. तेथे सोयाबीन तेलाच्या टाकीत एकदा पाणी शिरले व तळाशी पांढरा साका बसला. इतरांनी तेल नासले म्हणून हळहळ केली असती. ज्यूलियन यांनी त्यात स्टेरॉल ओळखले. त्यापासून त्यांनी प्रोजेस्टेरॉन मोठ्या प्रमाणावर तयार केले. १९४८ साली डॉ. हेंच यांनी कॉर्टिसोन देताच संधिवाताने अंथरुणास खिळलेले रोगी चालू लागले. परंतु ते औषध बैलाच्या पित्तापासून मोठ्या खटाटोपाने होई व फार महाग पडे. ज्यूलियन यांनी सोयाबीनपासून त्याच कुळातील एस् नामक संयुग स्वस्तात करण्याची रीत काढली, आणि अशा औषधांचा मार्ग सुकर झाला.

एवढे करूनही द्वेष सुटला नाही. ओक पार्क येथे त्यांनी घर घेतले, तेव्हा १९५० साली ते जाळण्याचा यत्न झाला व १९५१ साली त्यावर सुरुंगाची दारू फेकण्यात आली. ज्यूलियन यांनी घर सोडले नाही. १९५३ साली त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा काढली. १९७३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांस सभासद निवडले. आणि १९ एप्रिल १९७५ रोजी ते निवर्तले.

स्टेरॉइड हे दुधारी शस्त्र आहे. दंड फुगविण्यासाठी ते घेणारा तरुण हृदय व यकृत धोक्यात घालतो. आणि दीर्घकाळ घेतलेले कॉर्टिसोनवर्गीय औषध वैद्यास न विचारता एकाएकी सोडल्यास, सुस्तावलेली ग्रंथी वेळेवर जागी होत नाही व जिवावर बेतते. विद्यार्थिबंधूंनी हे ध्यानी ठेवावे. आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. ज्यांनी ज्यूलियन यांस दाराबाहेर ठेवले, त्यांच्या देहातही तीच चार वलये तेच काम करीत होती. ईश्वराने आत भेद केला नाही; तो बाहेर आपण का करावा?