जोकर टाकला की तीन पत्तीत काय बदलतं? हिशोब शिकवला एका जुगारी डॉक्टरने

दिवाळीत वाशिमकडच्या आसेगावात असो नाहीतर गोव्याच्या कॅसिनोत, तीन पत्ती म्हटलं की नियम एकच: ट्रेल सगळ्यात वर. पण घरच्या डावात कुणीतरी जोकर टाकायला लावतो आणि भांडण सुरू होतं. जोकरमुळे ट्रेल लागणं सोपं झालं, मग तिला एवढा मान कशाला?

याचं उत्तर मोजल्याशिवाय मिळत नाही. आणि पत्ते-फाशांतल्या शक्यता कशा मोजायच्या हे लिहून ठेवणाऱ्या अगदी पहिल्या माणसांपैकी एक म्हणजे इटलीचा जिरोलामो कार्दानो.

१५०१ साली पावियात जन्म. तेव्हा आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं. त्याच कारणावरून, डॉक्टर झाल्यावरही मिलानच्या वैद्यांच्या संघाने त्याला कित्येक वर्षं दारात उभं केलं नाही. १५३९ मध्ये कुठे प्रवेश मिळाला. तोवर पोट भरायला जुगार होताच. त्यात बायकोचे दागिने गेले, घरातलं सामान गेलं, शेवटी कुटुंबासकट गरिबांच्या आश्रमात राहायची वेळ आली. व्हेनिसमध्ये समोरच्याने खुणा केलेले पत्ते वापरले म्हणून त्याच्या तोंडावर खंजीर चालवला, हेही त्याने आत्मचरित्रात नोंदवलंय. माणूस काही साधा नव्हता.

पण हरता हरता त्याला एक गोष्ट कळली. आधी एकूण किती प्रकारे पानं पडू शकतात ते मोजा, मग आपल्या कामाची किती ते मोजा. पैज त्या प्रमाणात लावा.

आता हेच तीन पत्तीला लावा. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० संच होतात. त्यात ट्रेल ५२ आणि प्युअर सिक्वेन्स फक्त ४८. म्हणजे जास्त दुर्मीळ आहे ती प्युअर सिक्वेन्स, तरी वर बसते ट्रेल! साधा खेळच मुळात थोडा चुकलेला आहे.

आता एक जोकर टाका. १,३२६ संच वाढतात. हातात जोडी आणि जोकर आला की ट्रेल, असे ७८ संच. म्हणून ट्रेल १३० होतात. पण एकाच रंगाची जवळजवळची दोन पानं आणि जोकर, असे १०० संच निघतात. प्युअर सिक्वेन्स १४८ होतात. आता ट्रेल खरंच सगळ्यात दुर्मीळ. ज्या जोकरवरून भांडण, त्यानेच क्रम नीट लावला.

कार्दानोने जोकर कधी पाहिलाच नाही, ते पान १८६० च्या दशकात अमेरिकेत आलं. १५४५ च्या बीजगणितावरच्या ग्रंथाने त्याला युरोपभर नाव दिलं. पण १५६० मध्ये बायकोला विष दिल्याच्या आरोपावरून त्याच्या मोठ्या मुलाला मृत्युदंड झाला. १५७० मध्ये धर्मन्यायालयाने कार्दानोलाच कैद केलं. १५७६ मध्ये तो रोममध्ये वारला. जुगारावरचं त्याचं पुस्तक छापून आलं १६६३ मध्ये, म्हणजे तब्बल ८७ वर्षांनी.