आज्ञेचा वाटसरू : श्री वासुदेवानंद सरस्वती

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडीत वाढलेल्या माणसाला टेंबे स्वामींचे नाव मुद्दाम सांगावे लागत नाही. त्यांची करुणात्रिपदी येथे रोज म्हटली जाते. माझ्या आजीला अक्षरओळख नाही; पण तिन्ही पदे तिला तोंडपाठ आहेत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमचे मातीचे घर पडले. पूरग्रस्तांना ठेवलेल्या शाळेच्या वर्गात, ओल्या लुगड्यानिशी, आजी दिवेलागणीला तीच पदे म्हणत होती. मी तेरा वर्षांची होते. ज्याने घर नेले त्यालाच कशाला आळवतेस, असे मी तिला रागाने विचारले. ती काही बोलली नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. येथील ग्रंथालयात स्वामींचे चरित्र हाती आले आणि तो जुना प्रश्न पुन्हा वर आला.

स्वामींचे मूळ नाव वासुदेव गणेश टेंबे. १८५४ साली श्रावण वद्य पंचमीस सावंतवाडीजवळच्या माणगावी त्यांचा जन्म झाला. वडील गणेशभट्ट मोठे दत्तभक्त. घरदार सोडून ते गाणगापुरी जाऊन राहिले होते. त्यांना कायमचे तेथेच राहावयाचे होते. परंतु घरी परत जा असा दृष्टान्त झाला आणि ते परतले, असे चरित्रकार सांगतात. त्यानंतरचा हा पुत्र. म्हणजे भक्ताचा बेत मोडण्याची देवाची रीत या घरात मुलाच्या जन्माआधीपासूनची!

आजोबा हरिभट्टांच्या देखरेखीखाली वासुदेवांचे शिक्षण झाले. वेदविद्या, याज्ञिकी व ज्योतिष यांत ते लहान वयातच निपुण झाले. लोक पत्रिका घेऊन त्यांच्याकडे येत. घरी मात्र गरिबी होती. एकविसाव्या वर्षी अन्नपूर्णाबाईंशी त्यांचा विवाह झाला.

मनाला ओढ होती ती नृसिंहवाडीची. कोकणातून घाट चढून ते पायी येथे येत. येथेच गोविंदस्वामींकडून त्यांना मंत्रोपदेश मिळाला. दत्तचरणांपाशीच राहावे असे त्यांना वाटे. पण आज्ञा झाली ती गावी परतण्याची. वाटेत कागल येथे एका मूर्तिकाराकडून त्यांना दत्तमूर्ती मिळाली. ती घेऊन ते माणगावी गेले आणि १८८३ मध्ये त्यांनी तेथे दत्तमंदिर उभे केले. हळूहळू लोकांची रीघ लागली. जेथे राहण्याची इच्छा नव्हती तेच गाव क्षेत्र बनले. आणि सारे स्थिरस्थावर झाल्यावर, १८८९ मध्ये, तेही सोडण्याची आज्ञा झाली! देऊळ, घर, मान सारे मागे ठेवून पतिपत्नी वाडीची वाट चालू लागली.

येथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. आज्ञा पतीला झाली होती; चालायचे मात्र दोघांना होते. त्यांना एक मुलगा झाला, तो मृतच जन्मला. वाडीहून औदुंबर, पंढरपूर, बार्शी अशी तीर्थे करीत दोघे गोदाकाठच्या गंगाखेडला पोहोचली. तेथे १८९१ च्या वैशाखात अन्नपूर्णाबाई पटकीने गेल्या. उत्तरक्रिया होताच स्वामींनी संन्यास घेतला. त्या वेळी त्यांचे वय छत्तीस वर्षांचे होते. पुढे उज्जैनला नारायणानंद सरस्वतींकडून त्यांना दंड मिळाला आणि ते वासुदेवानंद सरस्वती झाले.

स्वामींचा संन्यासाचा मार्ग मोकळा व्हावा म्हणून हे घडले, असे काही भाविक म्हणतात. मला हे पटत नाही. पटकीने तडफडून मेलेल्या एका बाईचा असा हिशेब मांडणे मला क्रूरपणाचे वाटते. स्वामींची श्रद्धा मला निराळ्या ठिकाणी दिसते. का, याचा उलगडा होण्याची वाट न पाहता ते उठले आणि चालू लागले.

पुढे तेवीस चातुर्मास झाले. ब्रह्मावर्त, हरिद्वार, द्वारका, तंजावर, कुरवपूर, पवनी अशा दूरदूरच्या ठिकाणी ते पायीच गेले. अंगी संग्रहणीचे जुने दुखणे होते. अशा स्थितीत त्यांनी संस्कृतात दत्तपुराण व द्विसाहस्री गुरुचरित्र आणि मराठीत दत्तमाहात्म्य रचले. पोटाची व्याधी घेऊन मैलोगणती चालायचे आणि मुक्कामी पोहोचल्यावर ग्रंथ लिहायचे, हे आम्हा परीक्षेपुरते लिहिणाऱ्यांना लाजविणारेच आहे.

तरीही स्वामी मुकाट सोसणारे होते असे समजू नये. करुणात्रिपदी त्यांनी १९०५ मध्ये वाडीतच रचली. देवाची पालखी गावाबाहेर नेल्यामुळे देव रुष्ट झाला आणि त्याला शांतविण्यासाठी ही पदे झाली, अशी हकीकत गावात सांगतात. त्या पदांत आज्ञाधारक संन्यासी नाही; रडवेले मूल आहे. अपराध कबूल करून ते पदराला धरते. भय दाखविणारा तूच आणि ते दूर करणाराही तूच, मग तुला सोडून जावे तरी कोणाकडे, असा त्या पदांचा भाव आहे. ग्रंथालयात हे ध्यानात आले तेव्हा मी चपापले. त्या वर्गात मी आजीला जे विचारले होते, त्याच क्षणी ती त्याचेच उत्तर म्हणत होती!

१९१४ च्या आषाढ शुद्ध प्रतिपदेस नर्मदातीरी गरुडेश्वर येथे स्वामींनी देह ठेवला.

पावसाळ्यात कृष्णेचे पाणी उत्तरेकडून मंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिणद्वाराने बाहेर पडते. लोक आनंदाने त्या पाण्यात स्नानाला धावतात. पाणी आणखी चढले की तेच आमच्या गल्लीत येते. ओसरेपर्यंत आजी गाठोडे बांधून उंबऱ्याशी ठेवते आणि तिन्हीसांजेला पदे म्हणते. हल्ली मीही शेजारी बसते. चाल मला अजून नीट जमत नाही.