श्वासाच्या दारातून प्रार्थनेकडे : फादर अँथनी डिमेलो



पावसाळ्यात राधानगरीचे धरण भरले की स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात आणि भोगावती धावू लागते. आपल्या मनाचे दरवाजे मात्र बारा महिने उघडेच असतात. मिस्साला बसलो तरी शेतातली कामे, मुलांची फी, मोबाईलची घंटा डोक्यात चालूच राहते. ओठांवर प्रार्थना असते, पण मन मात्र बाजारात! हे दुखणे ओळखून त्यावर साधा उपाय शिकवणारे एक धर्मगुरू आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेले. ते म्हणजे येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो.

त्यांचा जन्म ४ सप्टेंबर १९३१ रोजी मुंबईत झाला. सन १९४७ मध्ये, कोवळ्या वयातच, ते येशूसंघात दाखल झाले. स्पेनमधील बार्सिलोना येथे तत्त्वज्ञान आणि पुण्यात ईशज्ञान शिकल्यावर १९६१ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे अमेरिकेत शिकागो येथे त्यांनी मानसशास्त्र व समुपदेशनाचा अभ्यास केला.

तपसाधना देताना अनेक वर्षे त्यांच्या कानी एकच तक्रार येई : आम्हांला प्रार्थना जमत नाही. तक्रार करणाऱ्यांत धर्मगुरू आणि धर्मभगिनीही असत. फादरांना वाटे, की दोष श्रद्धेचा नाही; शांत कसे बसावे हेच आपल्याला कोणी शिकवलेले नाही. म्हणून त्यांनी पुण्यात ‘साधना’ संस्था सुरू केली. पुढे ती लोणावळ्याला गेली. १९७८ साली त्यांचे ‘साधना’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ते जगभर पोहोचले.

त्यांचा धडा सोपा होता. पाठ ताठ ठेवून बसावे, डोळे मिटावेत. नाकपुड्यांतून आत-बाहेर जाणाऱ्या हवेचा स्पर्श फक्त अनुभवावा. श्वास मुद्दाम लांबवू नये. मन भटकले तर स्वतःवर रागावू नये. हळूच परत श्वासाकडे यावे. सुरुवातीला दहा मिनिटे पुरेत. मग प्रत्येक श्वासाबरोबर देव आपल्यात येत आहे, असे मनात आणावे. ही रीत आपल्या परंपरेला परकी नाही. सोळाव्या शतकात संत इग्नाती लोयोला यांनीही एकेका श्वासाला प्रार्थनेचा एकेक शब्द जोडायला शिकवले होते.

२ जून १९८७ रोजी न्यूयॉर्क येथे फादरांचे अकस्मात निधन झाल्याचे समजले. तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. पुढे १९९८ साली रोमच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने त्यांच्या लेखनाबाबत सावधगिरीचा इशारा दिला. सुरुवातीची पुस्तके ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत असल्याचे त्यात मान्य केले आहे. पण तेथेही काही ठिकाणी, आणि नंतरच्या लेखनात अधिक, ते श्रद्धेच्या गाभ्यापासून दूर गेले असे म्हटले आहे. ही गोष्ट आपण लपवू नये. श्वास हे दार आहे. दारातच थांबायचे नसते. आत प्रभू येशू वाट पाहत आहे.

तर मग पुढच्या रविवारी आपण सारे दहा मिनिटे आधी येऊ या. मोबाईल बंद करू, बाकावर शांत बसू आणि श्वासाकडे लक्ष देऊ. मन पळाले तर त्याला मायेने परत आणू, जसे आई खेळात रमलेल्या लेकराला हात धरून घरी आणते.