बेंटली हे नाव त्याचंच होतं, पण ते गाडीवर लावायचा हक्क गेला होता

बेंटली म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? कोट्यवधींची किंमत, बॉनेटवर पंख लावलेला ‘बी’ आणि मागच्या सीटवर एखादा अब्जाधीश. पण ज्याच्या आडनावावर ही कंपनी उभी राहिली, त्याला १९३१ साली स्वतः वापरत असलेली बेंटलीसुद्धा सोडून द्यावी लागली होती.

वॉल्टर ओवेन बेंटली. सगळे त्याला डब्ल्यू. ओ. म्हणायचे. १८८८ साली लंडनमध्ये जन्म, नऊ भावंडांत सगळ्यात धाकटा. सोळाव्या वर्षी तो डॉनकास्टरच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारीला लागला. वाफेची इंजिनं हे त्याचं पहिलं प्रेम.

१९१२ मध्ये भावाबरोबर त्याने डीएफपी या फ्रेंच गाड्या विकायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी डीएफपीच्या कारखान्यात त्याला ॲल्युमिनियमचा एक पेपरवेट दिसला आणि डोक्यात चक्र सुरू झालं. तेव्हा पिस्टन लोखंडाचे असायचे. ॲल्युमिनियम हलकं आणि उष्णता चटकन बाहेर टाकणारं, मग पिस्टन त्याचाच का नको? त्याने तसे पिस्टन बनवून घेतले. पहिल्या महायुद्धात हीच कल्पना विमानांच्या इंजिनात वापरली गेली. त्याने बनवलेलं बीआर १ इंजिन सॉपविथ कॅमल या लढाऊ विमानात बसलं. युद्धानंतर सरकारने त्याला ८,००० पौंडांचं बक्षीस दिलं.

१९१९ मध्ये पहिल्या बायकोचं इन्फ्लुएन्झाच्या साथीत निधन झालं. त्याच वर्षी बेंटली मोटर्स सुरू झाली.

गाडी उत्तम होती, तिजोरीत मात्र कायम खडखडाट. ल मान्सची २४ तासांची शर्यत बेंटलीने १९२४ मध्ये आणि नंतर १९२७ ते १९३० अशी सलग चार वर्षं जिंकली, तरी ही स्थिती. १९२६ मध्ये हिऱ्यांच्या खाणींचा वारसदार वूल्फ बार्नाटो याने पैसे ओतले आणि कंपनीची सूत्रं हाती घेतली. डब्ल्यू. ओ. तेव्हापासून आपल्याच कंपनीत जवळपास नोकरदार झाला.

१९३० मध्ये आली ८ लीटर बेंटली. ७,९८३ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन. बंद, ऐसपैस सलून बॉडी लादली तरी ताशी १०० मैल, तेही आवाज न करता, हा त्यामागचा हट्ट. बेंटली फक्त चॅसी आणि इंजिन द्यायची. बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिरांकडून चढवून घ्यायचं. रोल्स-रॉइसच्या फँटमला हे थेट आव्हान होतं. पण वेळ पाहा! जग मंदीत बुडत होतं. जेमतेम १०० गाड्या बनल्या.

जुलै १९३१ मध्ये बार्नाटोने आणखी पैसे द्यायला नकार दिला आणि कंपनी बुडाली. नेपियर कंपनी ती विकत घेणार हे जवळपास ठरलं होतं, डब्ल्यू. ओ. तिकडेच जाणार होता. ऐनवेळी कुणीही न ऐकलेल्या एका ट्रस्टने जास्त बोली लावली. त्या ट्रस्टमागे होती रोल्स-रॉइस. तिने ८ लीटर बंद करून टाकली. कंपनीबरोबर करारात अडकलेला डब्ल्यू. ओ. सुद्धा तिच्याच पदरात पडला. त्याच वर्षी त्याचा दुसऱ्या बायकोशी घटस्फोटही झाला.

तिथे त्याला इंजिन आखायचं काम काही मिळालं नाही. इतक्या मोठ्या इंजिनिअरला नुसतं बसवून ठेवणं, ही स्पर्धक संपवायची फार थंड डोक्याची पद्धत म्हणायला हवी.

१९३५ मध्ये करार संपताच तो लागोंडा कंपनीत गेला आणि तिच्यासाठी व्ही १२ इंजिन घडवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर लागोंडाने नव्या गाडीच्या नावात बेंटली हा शब्द घातला, तेव्हा रोल्स-रॉइस कोर्टात गेली आणि लागोंडाला तो काढावा लागला. पुढे डेव्हिड ब्राउनने लागोंडा विकत घेतली आणि डब्ल्यू. ओ.च्या देखरेखीखाली तयार झालेलं २.६ लीटरचं इंजिन ॲस्टन मार्टिन डीबी २ मध्ये बसवलं.

१३ ऑगस्ट १९७१ रोजी तो गेला. त्याला मूलबाळ नव्हतं. १९३१ मध्ये त्याने सोडून दिलेली ती ८ लीटर सलून २००६ मध्ये बेंटली कंपनीने परत विकत घेतली. तोवर कंपनीची मालकी रोल्स-रॉइसकडेही उरली नव्हती, ती जर्मनीच्या फोक्सवॅगनकडे गेली होती.